यीस्टचा मेद, कॅल्शिअम आणि औषधांचा पेच

पावाचे पीठ फुगवणारे यीस्ट निरुपद्रवी; पण त्याच्या दूरच्या भाऊबंदांपैकी एक, कॅन्डिडा ऑरिस, आज अतिदक्षता विभागांत धास्तीचे कारण ठरला आहे. २००९ मध्ये जपानमधून त्याचे प्रथम वर्णन झाले, २०१३ मध्ये दिल्लीच्या रुग्णांमध्ये तो आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि २०२१ मध्ये अंदमानच्या वाळूत व खाऱ्या दलदलीतही त्याचा माग लागला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला बुरशींच्या सर्वाधिक गंभीर गटात स्थान दिले. फ्लुकोनॅझोल या नेहमीच्या औषधाला त्याचे बहुतेक वाण दाद देत नाहीत. अशा यीस्टला आवरायचे कसे, या प्रश्नाचे धागे मेदाम्ले आणि कॅल्शिअम यांच्यापर्यंत पोहोचतात.

थंडीत खोबरेल तेल गोठते, शेंगदाण्याचे पातळ राहते. फरक मेदाम्लांतील दुहेरी बंधांचा आहे. यीस्टच्या पेशीपटलालाही असाच पातळपणा लागतो. दुहेरी बंध घालणाऱ्या तिच्या विकराला ऑक्सिजन हवा असतो. म्हणून ऑक्सिजन पूर्ण तोडला की यीस्टची वाढ खुंटते. एर्गोस्टेरॉल आणि ओलेइक आम्लासारखे असंपृक्त मेदाम्ल बाहेरून पुरवले की ती पुन्हा सुरू होते, हे आंद्रेआसन व स्टायर यांनी १९५३-५४ मध्ये दाखवले.

मात्र सर्वच मेदाम्ले पोषक नसतात. आठ व दहा कार्बनांची आखूड मेदाम्ले यीस्ट स्वतःच आंबवताना तयार करते आणि तीच तिला मारक ठरतात: ती पटलात शिरून त्याची घडी विस्कटतात व पेशीचा अंतर्भाग आम्लधर्मी करतात. द्राक्षरसाचे आंबवणे अर्ध्यावर अडण्यामागचे हे एक कारण आहे. त्यावर यीस्टच्याच मृत पेशींची रिकामी कवचे टाकून ही आम्ले शोषून घ्यावीत, असा उपाय फ्रेंच संशोधकांनी १९८०च्या दशकात सुचवला.

पटलावर संकट आले की पेशी कॅल्शिअमच्या भाषेत बोलू लागते. एरवी तिच्या द्रवात कॅल्शिअम अत्यल्प असते. बहुतेक साठा रिक्तिकेत कोंडलेला असतो. ताण येताच कॅल्शिअम आत शिरते, कॅल्सिन्युरिन हे विकर जागे होते आणि बचावाची जनुके कामाला लागतात. मेद आणि कॅल्शिअम यांचे नाते किती नाजूक आहे, हे १९९०च्या दशकातील एका प्रयोगमालेने दाखवले. एका जनुकाअभावी विशिष्ट स्फिंगोलिपिडाचा साठा झालेले यीस्ट कॅल्शिअम वाढताच वाढेनासे होई. पण त्या मेदातील लांब मेदाम्लावर ऑक्सिजनचा एक अणू जोडणारे विकर काढून टाकले, की तेच यीस्ट पुन्हा वाढू लागे. एका अणूने पेशीचे भवितव्य बदलत होते.

फ्लुकोनॅझोल एर्गोस्टेरॉलची निर्मिती रोखते. कॅन्डिडा अल्बिकन्सची वाढ त्याने थांबते, परंतु कॅल्सिन्युरिनच्या आधाराने पेशी तग धरून राहतात. कॅल्सिन्युरिन बंद पाडले, तर तेच औषध प्राणघातक होते. पेच इथेच आहे. ते बंद पाडणारी औषधे, टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन, मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी दिली जातात. कारण मानवी पेशीतही जवळपास तेच कॅल्सिन्युरिन आहे. ज्या दुर्बल रुग्णाला बुरशीपासून वाचवायचे, त्याचीच ढाल अशाने काढून घेतली जाते. जीवाणूंचे तसे नाही; ते माणसापासून इतके दूर आहेत, की त्यांच्यावर नेम धरणे तुलनेने सोपे जाते.

उरतो तो बारीक फरक शोधण्याचा मार्ग. बुरशीच्या कॅल्सिन्युरिनची त्रिमितीय रचना पाहून टॅक्रोलिमसचा प्रतिकारशक्तीला कमी दाबणारा एक बदललेला रेणू २०१९ मध्ये संशोधकांनी मांडला. ते अजून उपचार झालेले नाही. पण यीस्टच्या मेदाम्लावरचा एक अणू मोजत बसणाऱ्यांना ‘याचा उपयोग काय’ असे विचारण्यापूर्वी, अतिदक्षता विभागातील औषधांची यादी किती तोकडी आहे, हे एकदा पाहावे.