एम की एन?

गेल्या चार-पाच वर्षांत पालकांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न गणिताचा नाही. "मॅडम, घरी धडे रेकॉर्ड करायला कॅमेरा कोणता घ्यावा?" हा तो प्रश्न. कुणाची मोठी मुलगी बी.एड. करून ऑनलाइन शिकवणी सुरू करते आहे, कुणा वडिलांना सैन्यातून निवृत्त झाल्यावर गावातल्या मुलांसाठी भरतीच्या परीक्षेचे वर्ग तयार करायचे आहेत. आपले बारावीचे काही कॅडेट तर ज्युनिअर्ससाठी नकाशावाचनाचे धडे करायच्या बेतात असतात. प्रत्येकाच्या यादीत पहिले नाव कॅमेऱ्याचे असते. माझ्या यादीत ते अगदी खाली आहे. तसे का, हे सांगायचे तर २०२० सालात जावे लागेल.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा आपले कॅडेट घरी पोहोचले होते आणि मी शाळेच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये होते. १९ एप्रिलला ठरलेली एनडीएची परीक्षा पुढे ढकलली गेली आणि नंतर त्या वर्षीच्या दोन्ही परीक्षा मिळून ६ सप्टेंबरला एकच परीक्षा होईल असे जाहीर झाले. गणिताचे १२० प्रश्न, ३०० गुण, अडीच तास, आणि चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. माझ्याकडे नऊ मुले होती, नुकतीच बारावीत गेलेली. त्यांचे अर्धे गणित अजून शिकवायचे होते.

काही विकत घेण्याआधी मी नऊही घरी फोन लावले आणि वहीत चार रकाने आखले. फोन कुणाचा? किती वाजता हातात येतो? नेट कुठे मिळते? कानात घालायला इअरफोन आहे का? उत्तरे अशी आली. सहा जणांकडे वडिलांचा फोन होता, तो रात्री आठनंतर मोकळा होई. किन्नौरच्या मुलाला नेटसाठी घराच्या गच्चीवर जावे लागे. बिहारमधल्या एकाच्या घरी चार भावंडांत मिळून एक फोन. जत तालुक्यातला मुलगा म्हणाला, "मॅडम, इअरफोन न्हाई. पण आवाज मोठा केला की समदं घर ऐकतंय." इअरफोन नऊपैकी दोघांकडेच होता. नेटचा पॅक बहुतेकांकडे दिवसाला एक-दीड जीबीचा, तोही घरातल्या सगळ्यांत मिळून.

साधने निवडायची ती या वहीवरून. हिशोब सोपा आहे. सेकंदाला ५ मेगाबिट या दराने केलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ ३७५ एमबीचा होतो. सेकंदाला अर्धा मेगाबिट ठेवला, तर साडेसदतीस एमबीचा. नुसता आवाज सेकंदाला ६४ किलोबिटने पाठवला, तर पाच एमबीसुद्धा लागत नाहीत. म्हणजे उंची कॅमेऱ्याने टिपलेले सुंदर चित्र त्या गच्चीवर पोहोचण्याआधीच पॅक संपला असता. आवाज मात्र कुठेही पोहोचू शकत होता, फक्त तो समजला पाहिजे.

तेव्हा आमच्या शेजारी सिग्नलमधून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब राहत होते. त्यांना मी कुंपणापलीकडून ही अडचण सांगितली. ते हिंदीत म्हणाले, "मॅडम, संदेश पोहोचला की नाही हे पाठवणाऱ्याने ठरवायचं नसतं. ऐकणाऱ्याला विचारायचं असतं." आणि त्यांनी मला एक चाचणी सांगितली. एका कागदावर मी वीस गोष्टी लिहिल्या: एम, एन, बी, डी, पी, फिफ्टीन, फिफ्टी, थर्टीन, थर्टी, साइन, कोसाइन, असे सगळे कानाला फसवणारे शब्द. ते वाचून रेकॉर्ड केले आणि त्यांच्या आठवीतल्या नातीला स्वस्तातल्या फोनवर, अंगणात बसून ऐकायला दिले. तिने जे ऐकू येईल ते लिहायचे.

पहिल्यांदा फोन चार फुटांवर स्टुलावर ठेवून रेकॉर्ड केले होते. वीसपैकी सात चुकले. एमचा एन, फिफ्टीनचा फिफ्टी. गणितात हे सातही जीवघेणे आहेत. श्रेढीतले एमवे पद आणि एनवे पद यांत गल्लत झाली, तर मुलगा रीत बरोबर करूनही उत्तर चुकणार, आणि चूक आपली नाही हे त्याला कधी कळणारही नाही. बिनतारी संदेशात एमला 'माइक' आणि एनला 'नोव्हेंबर' का म्हणतात, हे कॅडेट्सना माहीत आहेच. त्या दिवशी मला ते नव्याने पटले.

कारण भौतिकशास्त्रातले आहे. अंतर चौपट झाले की तोंडातून थेट येणाऱ्या आवाजाची तीव्रता सोळाव्या हिश्शावर येते. भिंतींवरून परतणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. आपल्या जुन्या क्वार्टरची छते उंच, भिंती मोकळ्या, जमीन सिमेंटची. मागच्या अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर चढते आणि एम-एनमधला क्षणभराचा फरक पुसला जातो. यावर महाग माइक हा उपाय नाही. माइक जवळ आणणे हा उपाय आहे.

दुकाने बंद होती, म्हणून पहिला महिना मी फोनसोबत आलेल्या इअरफोनच्या वायरवरचा माइक वापरला. तो ओढणीला पिन लावून हनुवटीखाली वीतभर अंतरावर अडकवला. नात पुन्हा अंगणात बसली. आता दोनच चुकले. मग समोरच्या आणि उजव्या भिंतीवर दोरी बांधून आईने शिवलेल्या दोन गोधड्या टांगल्या, कपड्यांच्या कपाटाची दारे उघडी ठेवली, पंखा बंद केला. एकही चुकले नाही. मे महिन्यात कुरिअर सुरू झाल्यावर तारेचा कॉलर माइक मागवला, तो हजार रुपयांच्या आत आला. घेताना पिन पाहावी. फोनसाठीच्या पिनेवर तीन काळी वेढणी असतात, कॅमेऱ्यासाठीच्या पिनेवर दोन. चुकीची पिन लागली की माइक जोडलेला दिसतो आणि आवाज फोनच्याच माइकमधून जातो.

स्टुडिओतल्यासारखे दिसणारे मोठे कंडेन्सर माइक पालकांना फार आवडतात. ते चांगले असतात, पण खोली शांत असेल तर. ते इतके संवेदनशील असतात, की आपल्या आवारात पी.टी.ची शिट्टी, कावळे आणि मेसची भांडी सगळी धड्यात येतील. गोंगाटाच्या घरात डायनॅमिक जातीचा माइक बरा. तो तोंडाजवळ धरावा लागतो, पण दूरचे फारसे ऐकत नाही.

आवाजानंतर क्रम लागतो तो लिहिणाऱ्या हाताचा. गणित, नकाशा, विज्ञानातली आकृती शिकताना विद्यार्थी शिक्षकाच्या तोंडाकडे कमी आणि खडूकडे जास्त पाहतो. खान अकादमीच्या सलमान खान यांनी आपले सुरुवातीचे धडे असेच केले. पडद्यावर फक्त लिखाण आणि मागे आवाज, चेहरा कुठेच नाही. माझ्याकडे डिजिटल पाटी नव्हती. बदलीच्या सामानाच्या काळ्या ट्रंका मात्र होत्या. दोन ट्रंका एकावर एक ठेवल्या, वर एक फळी टेबलावर पुढे येईल अशी ठेवली, तिच्या मागच्या टोकावर शब्दकोशाचे दोन खंड वजन म्हणून ठेवले आणि पुढच्या टोकाला फोन पालथा बांधला. मागचा कॅमेरा खाली कागदाकडे. हा बहुतेक फोनमध्ये पुढच्यापेक्षा चांगला असतो. जाड काळे स्केचपेन, एका पानावर सातच ओळी. कागद जवळजवळ स्थिर राहत असल्याने फाइल लहान होते, कारण व्हिडिओत प्रामुख्याने बदललेला भाग साठवला जातो. शिवाय लिहिण्याचा वेग आणि समजण्याचा वेग जुळतो, हा फायदा वेगळाच. आज कुणी विचारले तर फोनसाठी आडवा हात असलेला स्टँड घ्या म्हणेन, आणि घरी संगणक असेल तर काही हजारांची पेन टॅब्लेट. ट्रंकांनीही काम अडत नाही.

प्रकाशाला खर्च जवळजवळ नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने उजेड डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. सकाळची खिडकी उत्तम. रात्री काही एलईडी दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ते दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. फोनच्या कॅमेऱ्यात शटर १/५० किंवा १/१०० ठेवता आले तर पट्टे जातात. फोकस आणि उजेड पडद्यावर बोट दाबून कायम करावा, नाहीतर हात आत आला की चित्र पुन्हा पुन्हा धूसर होते. रेकॉर्डिंगआधी फोन एअरप्लेन मोडवर टाकावा.

संगणकाचा पडदा रेकॉर्ड करायला ओबीएस स्टुडिओ आणि आवाज साफ करायला ऑडॅसिटी ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि घरच्या कामाला पुरतात. धड्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात.

यानंतर कॅमेरा. मुलाखत घ्यायची असेल, प्रयोग किंवा कवायत दाखवायची असेल, तर चांगला कॅमेरा हवा. तेव्हाही एक गोष्ट तपासावी, बरेच जुने कॅमेरे सलग अर्ध्या तासाच्या आतच रेकॉर्डिंग थांबवतात. बाकी धड्यांना फोन पुरे. आणि यादीच्या अगदी तळाशी मागचा रंगीत पडदा, गोल दिवा, नावाची पाटी.

एप्रिलपासून ऑगस्टअखेरपर्यंत मी एकशे बारा धडे केले, एकही दहा मिनिटांपेक्षा मोठा नाही. रात्री आठ ते दहा मुलांचे फोन येत. जुलैत जतच्या मुलाच्या वडिलांनी फोन घेतला आणि म्हणाले, "बाई, तुमचा आवाज आता आमच्या म्हशीबी वळखत्यात." मला एवढे चांगले प्रमाणपत्र पुन्हा मिळाले नाही.

निकालाविषयीही सांगते. नऊपैकी चौघे लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाले, पाच जण झाले नाहीत. माइकमुळे कुणी एनडीएत जात नाही. पण परीक्षेनंतर मी नऊही जणांकडून त्यांनी सोडवलेल्या सरावाच्या वह्यांची छायाचित्रे मागवली आणि एक एक पान तपासले. चुका होत्या, भरपूर होत्या. सूत्र विसरलेले, घाई केलेली, चिन्ह बदललेले. चुकीचे ऐकल्यामुळे झालेली चूक मला एकही सापडली नाही. जे चुकले ते त्यांचे होते, म्हणून त्यांना ते दुरुस्त करता येत होते. अनुत्तीर्ण झालेल्या पाचांपैकी दोघे पुढच्या प्रयत्नात लेखी पार झाले. तेव्हाही त्यांनी तेच धडे ऐकले होते.

म्हणून घरी धडे तयार करू पाहणाऱ्या पालकांना आणि कॅडेट्सना माझे सांगणे एवढेच. दुकानात जाण्याआधी ज्याला शिकवायचे आहे त्याला फोन करा आणि त्याचे चार रकाने भरा. त्याच्याकडचा सर्वांत साधा फोन आणि सर्वांत वाईट नेट हे आपले मैदान समजा. पहिला पैसा माइकवर, दुसरा फोनच्या स्टँडवर, तिसरा दिव्यावर. आणि खरेदी झाल्यावर वीस शब्दांची चाचणी जरूर घ्या. ऐकणारा मात्र असा निवडा, की जो तुमचे मन राखण्यासाठी एनला एम म्हणणार नाही.