खोक्यांतला नाद

वाद्यें चार प्रकारचीं असतात, हें मीं माझ्या उमेदीच्या काळांत शेंकडों मुलांकडून पाठ करवून घेतलें आहे. तारांचें तें तत, कातड्यानें मढविलेलें तें अवनद्ध, फुंकून वाजणारें तें सुषिर, आणि टाळ-झांजांसारखें अंगानेंच वाजणारें तें घन. नाट्यशास्त्रानें घालून दिलेली ही चौकट इतकी पक्की, कीं तिच्या कडेवर बसणारें एखादें वाद्य असेल अशी शंका मला पासष्टी उलटेपर्यंत शिवली नव्हती. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझ्या नातवानें ती शंका घरांत आणली, आणि तीहि एका लांकडी खोक्याच्या रूपानें!

आमचें कुटुंब एकत्र आहे. तिघे भाऊ आपापल्या संसारांसह एकाच छपराखालीं नांदतों, आणि सर्वांच्या डोक्यावर नव्वदीच्या घरांतली आमची आई. अशा घरांत एका मुलाचा छंद हा चौदा माणसांचा प्रश्न होतो. हा मुलगा जेवतांना ताटाच्या कडेवर, अभ्यासाला बसला कीं मेजावर, स्नानाच्या वेळीं बादलीवर सारखीं बोटें नाचवी. आईच्या जपांत व्यत्यय येई, धाकट्या वहिनींचें डोकें दुखे. शेवटीं वडीलकीच्या अधिकारानें मीं निवाडा दिला कीं, यापुढें घरांत बडविणें बंद.

चार दिवसांनीं तो माझ्यापुढें येऊन उभा राहिला. "आजोबा, मला एक काहोन करून हवा आहे."

काहोन या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळीं पेटी, खोकें किंवा खण. सहा फळ्यांची चौकोनी पेटी, तिच्यावरच बसावयाचें आणि पायांमधून वांकून समोरची पातळ फळी हातांनीं वाजवावयाची.

"अरे, तबला शीक, पखवाज शीक, माझी ना नाहीं," मीं म्हटलें. "पण खोकें बडविणें ही कसली विद्या?"

तो वाद घालीत बसला नाहीं. एवढेंच म्हणाला, "आजोबा, ज्यांना ढोल वाजवूं दिले नाहींत, त्यांनीं खोकीं वाजविलीं."

मग मींहि त्याच्याजवळ बसून वाचूं लागलों. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाच्या किनाऱ्यावर स्पॅनिश अमलांत आफ्रिकेंतून माणसें गुलाम म्हणून आणीत. त्यांचीं वाद्यें त्यांना बाळगूं देत नसत, असें तेथील परंपरा सांगते. मग मालाचीं खोकीं आणि कपाटांचे खण हेच त्यांचे ढोल झाले. मालक डोकावला तर त्याला दिसावें, माणूस नुसता खोक्यावर बसला आहे! पेरूंत गुलामगिरी १८५४ सालीं उठली, पण खोकें राहिलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत निकोमेदेस आणि व्हिक्टोरिया सांता क्रूझ या भावंडांनीं आपल्या समाजाचें विसरलेलें गाणें-नाचणें पुन्हा रंगभूमीवर आणलें. १९७७ सालीं स्पेनचा विख्यात गिटारवादक पाको दे लुसिया पेरूस गेला असतां त्यानें काइत्रो सोतो या वादकाचें काहोन ऐकलें आणि तें वाद्य तो स्वदेशीं घेऊन गेला. तेथून तें जगभर पसरलें. २००१ सालीं पेरूनें त्यास राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

हें वाचीत असतां माझें मन मात्र पेरूंत राहिलें नाहीं. तें माझ्याच जुन्या वर्गांत जाऊन उभें राहिलें.

पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आठवीच्या वर्गांत मी सुभाषितें म्हणवून घेत होतों. मागच्या बांकावर एक मुलगा बोटांनीं बांक वाजवीत होता. मीं दोनदां दटावलें, तिसऱ्यांदां जवळ जाऊन त्याच्या बोटांवर पट्टी मारली. त्यानंतर त्यानें बांक कधीं वाजविला नाहीं, आणि सुभाषितहि कधीं मोठ्यानें म्हटलें नाहीं. पुढें पुष्कळ दिवसांनीं, एका संध्याकाळीं तेंच सुभाषित गुणगुणतांना माझ्या ध्यानांत आलें, कीं तो आठ-आठ अक्षरांवर ठेका धरीत होता. अनुष्टुभाचे चरण तो बरोबर मोजीत होता! वर्गांत छंद कळलेला विद्यार्थी एकच होता, आणि पट्टीहि त्यालाच बसली. ही गोष्ट मीं आजवर घरांत कोणास सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशीं मी नातवाला घेऊन मागच्या गल्लींतील आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलों. घरांतली दारें-खिडक्या सगळीं त्यांच्याच हातचीं. बाजारीं मिळणारें काहोन साधारण अठरा-एकोणीस इंच उंच असतें. आमचा नातू ताडमाड, म्हणून त्याला स्टुलावर बसवून गुडघ्याचें माप घेतलें आणि उंची २० इंच, रुंदी व खोली १२-१२ इंच ठरविली. बाजूंस अर्ध्या इंचाचें प्लाय, समोर वाजविण्यास ३ मिलिमीटरचें पातळ प्लाय, आणि पाठीमागच्या फळीस साडेचार इंच व्यासाचें भोंक, म्हणजे आंतला वारा मोकळेपणें बाहेर पडून खर्ज घुमावा.

मिस्त्रींनीं गुण्या लावून एकेक कोपरा तपासला, रंधा मारला, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि समोरची फळी चारी बाजूंनीं चिकटवून, शिकंजांत आवळून रात्रभर ठेवली. सकाळीं मोठ्या अभिमानानें म्हणाले, "गुरुजी, मुंगी शिरायची नाहीं आंत!"

नातवानें बसून थाप मारली. कोणीं दारावर टकटक करावें तसा आवाज आला. पुन्हा मारली, पुन्हा तेंच. मुलाचा चेहरा उतरला आणि मिस्त्रींचाहि.

"वरची कड मोकळी हवी होती," नातू हळूच म्हणाला. "कोपऱ्याशीं फळी किंचित् सुटी राहिली, तरच ती फटका देते."

मिस्त्री दुखावले. "फट ठेवूं? बत्तीस वर्षें फट बुजविण्याचेच पैसे घेतले मीं, गुरुजी!"

तेव्हां मला मिरजेची आठवण झाली. तेथील तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानांत मी पुष्कळदां बसलों आहें. घोडीवर तार नुसती ताणून बसविली कीं ती कोरडी वाजते. तिच्याखालीं सुताचा धागा सरकवून, ती घोडीला जेमतेम शिवेल-न शिवेल अशी केली, म्हणजे जवारी लागते आणि तार बोलूं लागते. मीं हें मिस्त्रींना सांगितलें. ते कांहीं वेळ गप्प राहिले, मग त्यांनीं पटाशी उचलली आणि रात्रीं चिकटविलेली फळी स्वतःच्या हातानें उखडून काढली.

नवी फळी खालून आणि बाजूंनीं स्क्रूंनीं बसविली, वरचे दोन कोपरे मात्र जेमतेम आवळले. नातू सांगे तसा मिस्त्री अर्धा फेरा स्क्रू ढिला करीत, तो थाप मारी, पुन्हा पाव फेरा. शेवटीं एका थापेसरशीं मध्यभागीं खोल घुमारा उठला आणि वरच्या कडेला बोटें पडतांच कोरडा, तडफदार 'टक्' वाजला. मिस्त्रींनीं काम थांबवून मान डोलावली.

आतां आमच्या घरीं सायंकाळीं सहा ते सात ही खोक्याची वेळ ठरली आहे. माझा निवाडा मीच मागें घेतला, आणि कां घेतला तेंहि सर्वांना सांगितलें. बांकाची गोष्ट ऐकून आई म्हणाली, "मारलेंस तें मारलेंस, पण एवढीं वर्षें पोटांत ठेवलेंस हें वाईट." वहिनी त्या तासाला देवळांत जातात. इतर वेळीं सौ. त्याच खोक्यावर बसून पालेभाजी निवडतात. चौदा माणसांच्या घराला एखादा कोपरा जरा सैल असावा लागतो, हें मला सुताराच्या दुकानांत कळावें, याचें आतां नवल वाटत नाहीं.

राहिला वर्गीकरणाचा प्रश्न. कातडें नाहीं म्हणून शास्त्रानें तें घन, काम मात्र सारें अवनद्धाचें. यावर मी अद्याप निर्णय दिलेला नाहीं.

परवां दुपारीं घरांत कोणी नव्हतें. मी खोक्यावर जाऊन बसलों, तें जुनें सुभाषित मोठ्यानें म्हटलें आणि त्या मुलानें धरला होता तसा ठेका धरूं लागलों. दुसऱ्याच चरणांत चुकलों. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.