होल्डन कुणालाच फोन करत नाही

‘द कॅचर इन द राय’ पुन्हा वाचताना वहीत खरडलेलं. क्रम लावलेला नाही.

*

शाळेतून नाव काढलेला होल्डन शनिवारी रात्री न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर उतरतो आणि थेट टेलिफोन बूथमध्ये शिरतो. थोरला भाऊ डी. बी. तिकडे हॉलिवूडला. धाकटी फीबी एव्हाना झोपली असणार, फोन आईवडीलच उचलतील. जेनच्या आईला करावा, तर मन होत नाही. सॅलीला करावा, तर तिच्या आईला हा पोरगा पसंत नाही. कार्ल ल्यूस होल्डनलाच फारसा आवडत नाही. वीसेक मिनिटं आत काढून तो एकही नंबर न फिरवता बाहेर येतो. सोळा वर्षांच्या पोरापाशी नावं पाच आहेत आणि प्रत्येक नावापुढे एक अडचण आहे.

*

सगळे ढोंगी, ही त्याची तक्रार न वाचलेल्यांनाही माहीत असते. ती कुठे कुठे येते ते मात्र पाहण्यासारखं आहे. टॅक्सीवाल्याला तो म्हणतो, चला, कुठेतरी बसून पिऊ. टॅक्सीवाला नको म्हणतो. हॉटेलात तीन बायकांबरोबर नाचतो, बिलही त्याच्याच गळ्यात पडतं. त्यांचे डोळे कुणी सिनेनट दिसतोय का ते शोधताहेत. सॅलीला म्हणतो, पळून जाऊ, व्हर्माँटकडे कुठेतरी राहू. ल्यूसला म्हणतो, अजून एक घेऊन जा ना. कुणी थांबत नाही. माणसांचा खरोखर तिटकारा असलेला मुलगा एवढ्या जणांची मनधरणी कशाला करील?

शिवाय तो स्वतः अट्टल थापाड्या. आगगाडीत वर्गातल्या एका मुलाची आई भेटते. हा आपलं नाव म्हणून शाळेच्या शिपायाचं नाव सांगतो, मेंदूत गाठ झाल्याचं सांगतो, आणि ज्या मुलाला तो मनातून नालायक समजतो त्याची त्याच्या आईपुढे तोंडभरून स्तुती करतो. बाईंचा चेहरा खुलतो. ही थाप मला निम्मी तरी दयेची वाटते.

*

ॲली. सगळं पुस्तक या नावाभोवती फिरतं, आणि तरी ॲलीचे उल्लेख किती थोडे! होल्डनचा दोन वर्षांनी धाकटा भाऊ. लाल केसांचा, डावखुरा. 18 जुलै 1946 ला रक्ताच्या कर्करोगानं गेला, तेव्हा अकरा वर्षांचा होता. मैदानात बॅटिंगला कुणी नसलं की वाचायला काहीतरी हवं, म्हणून त्यानं बेसबॉलच्या हातमोज्यावर हिरव्या शाईनं कविता उतरवून ठेवल्या होत्या. तो गेला त्या रात्री होल्डननं गॅरेजच्या सगळ्या काचा मुठीनं फोडल्या. हाताच्या जखमेसाठी इस्पितळात राहावं लागलं आणि भावाचा अंत्यविधी हुकला.

पुढे दोनदा ॲलीच्या कबरीपाशी असताना पाऊस आला. भेटायला आलेले लोक धावत आपापल्या गाड्यांत बसले, रेडिओ लावून जेवायला निघून गेले. ॲलीला तसं जाता येत नव्हतं. होल्डनला हे सोसवत नाही, आणि तेव्हापासून तो कबरीकडे फिरकत नाही.

त्याचा भ्रमनिरास मला इथे सापडतो. शाळा, सिनेमे, मास्तर यांच्यावरचा राग नंतरचा. जग इतक्या सहजपणे जेवायला जाऊ शकतं, हे त्याला तेराव्या वर्षी कळलं.

*

फार उदास झाला की तो ॲलीशी मोठ्यानं बोलतो. एकदा बॉबी या मित्राबरोबर जाताना त्याला नेलं नव्हतं. आता सांगतो, जा, सायकल काढ आणि मला बॉबीच्या घरासमोर भेट. पुस्तकात होल्डन ज्याला काही विचारतो किंवा बोलावतो त्यांच्यात हा एकटाच नाही म्हणू शकत नाही.

*

कादंबरी 1951 ची, पण होल्डन त्याआधीपासून लेखक सॅलिंजरबरोबर आहे. त्याच्यावरची एक कथा ‘न्यू यॉर्कर’नं 1941 मध्येच स्वीकारली होती. मग पर्ल हार्बर झालं आणि ती 1946 च्या डिसेंबरपर्यंत पडून राहिली. दरम्यान सॅलिंजर नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला, हर्टगेनच्या जंगलातल्या लढाईत होता, आणि 1945 मध्ये मनावरच्या ताणानं त्याला इस्पितळात दाखल व्हावं लागलं. कादंबरीत लढाईचं एकही दृश्य नाही. एका मुलाच्या मरणातून सावरू न शकलेला दुसरा मुलगा आहे, बस्स.

*

‘कोसला’ची (1963) आणि याची तुलना आपल्याकडे नेहमीची. बहुधा भाषेवरून होते, त्या बेफिकीर बोलण्यावरून. मला दुवा दुसरीकडे दिसतो. ‘कोसला’तल्या सांगवीच्या पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या आजारात जाते, आणि त्यानंतरचं त्याचं चेष्टा करणं पूर्वीसारखं ऐकू येत नाही. खानदेशातलं गाव आणि मॅनहॅटन यांच्यात साम्य शून्य. धाकटं भावंड गेल्यावर थोरल्याला घरात कुणी काही विचारत नाही, एवढं दोन्हीकडे आहे.

*

नेहमीचा आक्षेप: श्रीमंत वकिलाचं लाडावलेलं पोर, टॅक्सीतून हिंडत रडगाणं गातं. पैसा आहे, हे खरंच. लाडावलेला आहे, हेही चालेल. फक्त हा आक्षेप घेणाऱ्यांनी कबरीवरच्या पावसाचं ते पान एकदा पुन्हा काढून वाचावं, आणि मग खुशाल त्याला नावं ठेवावीत.