अंगठ्याचा ठणका आणि कळलावी

गाऊटवर जितकी औषधं ‘लागू पडतात’, तितकी दुसऱ्या कुठल्या रोगावर क्वचितच पडत असतील. त्याचं कारण या रोगातच आहे. मध्यरात्री पायाचा अंगठा सुजतो, लालबुंद होतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. आणि काहीही केलं नाही तरी आठवड्या-दोन आठवड्यांत हा झटका आपोआप ओसरतो. पाचव्या दिवशी कुणी गुळवेलीचा काढा दिला, कुणी एरंडाचं पान बांधलं, की उताराचं श्रेय त्याच्या पदरात पडतं. सांधेविकारतज्ज्ञ म्हणून अशा हकिकती मी रोज ऐकतो. सांगणारे खोटं बोलत नसतात. पण औषधाचा गुण ठरवायला तेवढं पुरत नाही. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन पाहावं लागतं.

या कसोटीला निर्विवाद उतरलेली जुनी वनस्पती आहे कॉल्चिकम, आणि ती विषारी आहे. सहाव्या शतकातला वैद्य ट्रालेसचा अलेक्झांडर सांधेदुखीवर याच जातीचे कंद वापरत असे. युनानी हकिमांचं सुरंजान त्याच घराण्यातलं. १८२० मध्ये पेलेटिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी त्यातलं सक्रिय द्रव्य वेगळं केलं. त्यालाच आज कोल्चिसिन म्हणतात. हेच द्रव्य आपल्या कळलावीतही असतं. पावसाळ्यात कोकणात कुंपणावर लाल-पिवळी फुलं घेऊन चढते ती. तमिळनाडूत तिची शेती होते आणि बिया औषध कारखान्यांना जातात. आयुर्वेदाने तिला उपविषांत बसवलं, ते योग्यच; तिचा कंद खाऊन माणसं दगावली आहेत.

पूर्वी डॉक्टर कोल्चिसिन जुलाब लागेपर्यंत देत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तासाभरात १.८ मिलिग्रॅम आणि सहा तासांत ४.८ मिलिग्रॅम अशा दोन मात्रांची तुलना झाली. आराम जवळपास सारखाच, जुलाब मात्र लहान मात्रेत कितीतरी कमी. परंपरेने औषध शोधलं, मात्रा चाचणीने ठरवली. उगाळलेल्या कंदात किती मिलिग्रॅम उतरलं, हे घरी कोण मोजणार?

कोल्चिसिनही फक्त झटका शमवतं. सांध्यातले युरिक ॲसिडचे स्फटिक तिथेच राहतात. रक्तातली युरिक ॲसिडची पातळी ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की ते जमतात. विरघळवायचे तर ती ६ च्या खाली आणून अनेक महिने, कधी वर्षानुवर्षं तिथेच ठेवावी लागते. ॲलोप्युरिनॉल ते करतं. वनस्पतींपैकी बेहड्याने मला थोडं चकित केलं. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमधल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बेहड्याच्या अर्काने युरिक ॲसिड खरोखर उतरलं, तरी फेबुक्सोस्टॅट या युरिक ॲसिड उतरवणाऱ्या आधुनिक औषधाइतकं नाही. या अर्कावर आणखी काम व्हायला हवं.

गुळवेलीची गोष्ट अवघड आहे. चरकसंहितेतल्या वातरक्ताच्या, म्हणजे गाऊटशी मिळत्याजुळत्या विकाराच्या, चिकित्सेपासून तिला मान आहे, पण गाऊटपुरता पुरावा मुख्यतः प्रयोगशाळेतला आणि लहान अभ्यासांचा. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की ती वनस्पती गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही. हरकत मान्य केली, तरी शेजारच्या झाडावरून वेल तोडणाऱ्याकडे तरी ती खात्री कुठे असते?

खरी भीती मला बिननावाच्या पुड्यांची वाटते. दोन दिवसांत सूज गायब झाली की माझा पहिला संशय स्टेरॉइडवर. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ‘आर्ट्री किंग’ या ‘नैसर्गिक’ उत्पादनात डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडल्याचा इशारा दिला होता. लेबलवर दोन्हींचा उल्लेख नव्हता.

 

काढा घ्यायचाच असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. सुरू करण्याआधी आणि तीन महिन्यांनी युरिक ॲसिड, क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्या करा. आकडा ६ च्या खाली आला नसेल तर तो काढा तुमच्या गाऊटवर पुरेसा नाही. आणि चालू असलेलं ॲलोप्युरिनॉल स्वतःच्या मनाने बंद करू नका.