गाडीचे नाव आणि इंजिनाचे कुळ

माझ्या वडिलांचे लहानसे गॅरेज होते. १९९५ च्या उन्हाळी सुट्टीत त्यांनी मला अ‍ॅम्बॅसेडरसाठी हेड गॅस्केट आणावयास धाडले. दुकानदाराने विचारले, "इंजिन कोणते?" मी ऐटीत उत्तरलो, "अ‍ॅम्बॅसेडरचे!" त्याने जुन्या इंजिनाचे गॅस्केट दिले. गाडीत मात्र नवे इसुझूचे इंजिन होते. गॅस्केट बसेना. तोवर दुकान बंद झाले होते. पहाटे बहिणीच्या लग्नास निघावयाच्या गिऱ्हाइकाला सहकुटुंब एस.टी.ने जावे लागले. वडील मला एका शब्दानेही रागावले नाहीत. ते मौनच मला अधिक बोचले.

त्या बोचणीतूनच इंजिनांच्या नावांचा मला छंद जडला. गाडीचे नाव विक्रीसाठी असते. इंजिनाचे नाव मेस्त्रीसाठी. १९५२ साली इंग्लंडमध्ये ऑस्टिन आणि मॉरिस ही दोन प्रतिस्पर्धी घराणी एक होऊन 'बी.एम.सी.' ही कंपनी जन्मास आली. तिच्या इंजिनांची कुळे साध्या अक्षरांनी ओळखली जात: 'ए' लहान, 'बी' मध्यम आणि 'सी' सहा सिलिंडरचे मोठे. आपल्या जुन्या अ‍ॅम्बॅसेडरचे १४८९ सी.सी.चे इंजिन या 'बी' कुळातले.

कोठे नाव आकारावरून पडले. क्रायस्लरचे 'स्लँट सिक्स' तीस अंशांनी कललेले, तर 'हेमी'चा ज्वलनकक्ष अर्धगोलाकार. कोठे ते गावावरून आले. भव्य कॅथेड्रलसाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मनीतील कोलोन शहराचे नाव फोर्डच्या एका व्ही-सिक्स इंजिनाने धारण केले. फोर्डचीच ३५१ घनइंचांची दोन व्ही-एट इंजिने एकाच सुमारास निघाली. आकडा तोच, पण एकाचे हेड दुसऱ्यावर सरळ बसत नसे. म्हणून एक कॅनडातील कारखान्याच्या गावावरून 'विंडसर' झाले, तर दुसरे ओहायोतील 'क्लीव्हलँड'. आपल्या गावात एकाच नावाची तिघे असली, की आपण आळीचे नाव जोडतो, तसेच हे!

वडील २०१९ साली गेले. त्यांच्या कपाटात तेलाचे डाग पडलेली एक वही सापडली. तीत गिऱ्हाइकांच्या गाड्या, इंजिने आणि हिशेब टिपलेले होते. त्या सुट्टीतल्या एका पानावर त्या लग्नाच्या गाडीची नोंद होती. मजुरीच्या रकान्यात शून्य होते आणि पुढे दोन ओळी: "चूक माझी. पोराला गाडीचे नाव सांगितले, इंजिनाचे सांगितले नाही."

चोवीस वर्षे जी चूक मी माझी म्हणून वागविली, ती त्यांनी त्याच दिवशी आपल्या नावावर लिहून ठेवली होती.