लासूरच्या टपरीवर तीन बोटं

वैजापूर

प्रिय मित्रा,

झाली रे आमची सायकलफेरी! वैजापूरहून निघालो ते थेट छत्रपती संभाजीनगरला, आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयापर्यंत. सत्तरेक किलोमीटर. समृद्धी महामार्ग आता आपल्या उशाशी आला असला तरी त्यावर मोटारसायकललाही मज्जाव, मग सायकल कुठली? लासूर स्टेशनवरून जाणारा जुनाच रस्ता धरला. पहाटे थंडी मी म्हणत होती. उजाडल्यावर समोरून वारा सुटला आणि मांड्या भरून आल्या. पण शाळेच्या सायकली घेऊन आलेल्या पोरी आमच्या पुढे होत्या, मग थांबतो कोण!

तू बोस्टनच्या पॅन-मास चॅलेंजबद्दल सांगितलंस तेव्हापासून हे मनात घोळत होतं. आई कॅन्सरने गेली म्हणून बिली स्टारने 1980 साली ती फेरी काढली. पहिल्या वर्षी 36 जण आणि 10,200 डॉलर. आज तिथले सायकलस्वार जमवतात तो पै न् पै डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला जातो. तिथल्यासारखं कॅन्सरचं संशोधन आपल्या गावाने फेरीसाठी जमवलेल्या वर्गणीतून होणार नाही, हे उघड आहे. मग आपला पेशंट नेमका अडतो कुठे, हे आम्ही घरोघर विचारलं.

उत्तर जवळपास सगळीकडे तेच आलं: जाण्यायेण्यात. संभाजीनगरचं हे रुग्णालय 2012 मध्ये सुरू झालं, त्यामुळे मुंबईला टाटा रुग्णालयाच्या दारात फुटपाथवर झोपण्याची वेळ पुष्कळांवरची टळली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचारही होतात. पण तोंडाच्या कॅन्सरला शेक (रेडिएशन) द्यायचा म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे. मशीनखाली काही मिनिटं, बाकी सगळा दिवस एसटीत आणि रांगेत. सोबतच्या माणसाची मजुरी बुडते ती वेगळीच. कापूस वेचणीच्या दिवसांत कोण सोबत जाणार? मग पेशंट मध्येच शेक सोडतो. अर्धवट सोडलेल्या उपचाराने आजार परत उलटतो रे, हे फार जिवाला लागतं. म्हणून आम्ही ठरवलं, जमलेले पैसे फक्त प्रवासाला आणि मुक्कामाला.

लासूरला चहाला थांबलो. आमच्याबरोबर दातांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी टपरीवरच्या पोरांना सांगितलं, तीन बोटं उभी धरून तोंडात घालून दाखवा. एकाची दोनच गेली, तीही कशीबशी. विशी-बाविशीचा असेल. शर्टाच्या खिशातून पुडी डोकावत होती. मॅडमनी त्याच्या गालाला आतून बोट लावलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "दोरीसारखं लागतंय." सुपारीनं गाल आतून असा घट्ट होतो आणि पुढे तिथेच कॅन्सर होऊ शकतो. तो पोरगा हळूच म्हणाला, "तिखट लागलं की आग होते मॅडम, म्हणून भाकर दुधात कुस्करून खातो." घरी सांगितलं का, तर नाही. मॅडमनी रुग्णालयात कुठल्या खोलीत यायचं ते कागदावर लिहून दिलं आणि त्याचा फोन नंबर मी घेतला.

महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 पासून आहे, तरी पुड्या मिळतातच, याचा मला मनापासून संताप येतो. आर. आर. आबा 2015 मध्ये याच तोंडाच्या कॅन्सरने गेले. शरद पवार त्यातून वाचले, आणि तंबाखू सोडा असं स्वतःच्या अनुभवावरून जाहीर सांगतात. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंडातला पांढरा चट्टा दिसला की दाखवायचं, एवढं प्रत्येक टपरीवर लिहायला हवं. पुढच्या फेरीत थांबे वाढवू आणि वेग कमी ठेवू, असं माझं ठाम मत झालंय.

तो पोरगा सोमवारी येतो म्हणालाय. मी रविवारी त्याला फोन करणार आहे, आणि लागलं तर सोबतही जाईन.

तुमच्याकडे सायकल न चालवणारी माणसं पॅन-मासच्या फेरीत काय काय कामं करतात, ते सविस्तर लिही. इथे मदत करू म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यांना कामं वाटून द्यायची आहेत. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
वैजापूरचा वर्गमित्र