आगोटीचं गणित

मे महिना म्हटलं की बाहेरच्यांना कोकणातले आंबे आठवतात, लग्नं आठवतात, चाकरमान्यांनी भरलेल्या एसट्या आठवतात. घरातल्या बायकांना विचारलंत तर मे महिना आगोटीचा. मृग लागायच्या आत चार महिन्यांचं जे काही घरात भरून ठेवायचं, ती आगोट. दापोली तालुक्यात अंजर्ले-केळशीच्या पट्ट्यात आमचं गाव. माझ्या लहानपणी पावसाळा लागला की मुंबईची बोट बंद. कच्च्या रस्त्यावरची एसटी पहिल्या दमदार पावसात थांबायची. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकलेल्या. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राचा मासा नाही आणि बाजाराचं तोंडही नाही.

त्यामुळे मेच्या उन्हात आमचं अंगण म्हणजे वाळवणांचा बाजार असे. भात खणखणीत वाळवून गिरणीतून भरडून आणायचं, कारण सादळलेल्या भाताची निम्मी कणीच होते. आमसुलं, आंबोशी, कुळथाचं पीठ, बरणीत खारवलेले गरे, मातीत घोळवलेल्या आठळ्या, कांद्याच्या माळा. सुके बोंबील आणि सुकट चुलीवरच्या माचावर, धुरात. तिथेच आडोशाला लाकडं, कारण ओल्या लाकडाच्या चुलीपुढे बसलेली बाई जेवणापेक्षा धूरच जास्त गिळते. गोठ्यात पेंढा, पडवीला झापांचा आडोसा. मिठाला तर पावसात पाझर फुटतो. आजी खडेमीठ बुडाला बारीक भोक असलेल्या मडक्यात घालून चुलीशेजारी ठेवायची आणि खाली करवंटी लावायची. रात्रभर त्यात ठिपकलेलं खारं पाणी सकाळी पेजेत जायचं. काड्यापेट्या फडक्यात गुंडाळून डब्यात, आणि डबा चुलीच्या उबेला. पोरांनी त्या डब्याला हात लावला तर पाठीत धपाटा ठरलेला.

या सगळ्याला आजीचं एक माप होतं. ती म्हणायची, “पुरला नाय तर आळस, उरला तर हाव.” गणपतीपर्यंत बरण्यांचे तळ दिसायला हवेत. काही उरलंच तर ते गणपतीला आलेल्या माहेरवाशिणींच्या पिशव्यांत जायचं. आगोटीत दोन-चार पायल्या तांदूळ ‘वरचा’ म्हणून धरलेला असे. अडल्या शेजाऱ्यासाठी, आल्या-गेल्यासाठी. ज्यांना आगोट भरता येत नसे त्यांना श्रावणात सावकाराच्या दारात उभं राहावं लागे आणि नव्या भातावर घेतल्याच्या दीडपट परत घालावं लागे. आगोट भरलेली असणं म्हणजे त्या दारात उभं राहावं न लागणं. खाण्यापिण्याच्या सुखापेक्षा आजीला त्याचं मोल अधिक होतं.

पुढे आम्ही बाबांकडे लालबागच्या चाळीत राहायला आलो. बाबा गिरणीत. दहा बाय बाराची खोली, वर लाकडी माळा. आईनं तेलाचे रिकामे चौकोनी डबे आणून, झाकणं बसवून घेऊन त्या माळ्यावर आगोट थाटली. पावसाला इथे कुणी घाबरत नव्हतं, बाजार तर जिन्याखाली होता. तरीही तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लागायचा, तांदळात बोरिक पावडर पडायची, गच्चीवर मिरच्या वाळायच्या आणि डंकावरून आलेल्या मसाल्यात हिंगाचे खडे खोचले जायचे.

मग १९७२ चा दुष्काळ आला. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली, तिच्या भाकरीला ना चव ना चिवटपणा. रॉकेल, तेल, साखर, सगळ्यालाच रांग. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांना रस्त्यावर आणलं आणि लाटणी घेऊन मोर्चे निघू लागले. आमच्या चाळीतल्या बायकाही गेल्या, आईही गेली. ‘साठेबाज’ हा तेव्हा शिवीसारखा शब्द होता. संध्याकाळी लाटणं परत फळीवर ठेवताना आईची नजर माळ्यावरच्या डब्यांवर गेली तेव्हा मी विचारलं, “आई, मग आपण पण साठेबाज का?” ती तडक म्हणाली, “आपण मे महिन्यात भरलंय. तेव्हा दुकानं भरलेली होती. ते टंचाईत भरतात.”

साठवणं वाईट की चांगलं या प्रश्नावर पुढे अनेकांची भाषणं ऐकली, पण याहून नेमकं उत्तर मला मिळालं नाही. मुबलक असताना घेतलेलं धान्य टंचाईत आपल्याला रांगेतून बाहेर काढतं आणि आपल्या मागे उभ्या असलेल्याला एक जागा पुढे सरकवतं. टंचाई सुरू झाल्यावर घेतलेलं तेच धान्य त्याच माणसाला रांगेत मागे ढकलतं. किती घेतलं हे नंतर बघावं. कधी घेतलं हे आधी.

पण आगोटीलाही मर्यादा आहे, आणि ती दाखवली १८ जानेवारी १९८२ नं. त्या दिवशी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गावाहून चुलत्यांनी नव्या तांदळाचं पोतं एसटीच्या टपावर टाकून पाठवलं. मेमध्ये गावच्या आगोटीतला निम्मा वाटा आमच्या माळ्यावर आला. आईनं आजीचंच माप लावलं: गणपतीपर्यंत. गणपती आले, गेले, संप सुटेना. पावसाळा संपतो, हे आजीच्या गणिताचं गृहीत होतं. संपाला अशी तिथी नव्हती; तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. त्या दिवाळीत माळा रिकामा झाला तेव्हा आईनं चार गाववाल्यांची खानावळ धरली. पुढे ती म्हणायची, तांदूळ आपल्याला जगवत नव्हता, काय करायचं ते ठरवायला सवड देत होता. संपाच्या पहिल्याच आठवड्यात हातपाय गाळून जे दागिने विकायला निघाले त्यांना ती सवड मिळाली नाही.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता एकवीस दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली तेव्हा मी पुण्यात होते. खिडकीतून दिसणाऱ्या किराणा दुकानासमोर दहा मिनिटांत झुंबड उडाली. कुणी गव्हाच्या पिठाच्या पिशव्या खांद्यावर टाकून नेत होतं, कुणी नूडल्सची खोकी. माझ्या घरी मार्चातही सहा आठवड्यांचं सामान असतं, त्यामुळे मला खाली उतरायचं कारण नव्हतं. मी त्यात शहाणपण मिरवणार नाही, कारण साठा करायलाही हातात चार पैसे आणि डोक्यावर माळा लागतो. समोरच्या बांधकामावरच्या मजुरांकडे दोन्ही नव्हतं. रोजच्या मजुरीवर रोजचं पीठ आणणाऱ्याला ‘थोडं भरून ठेवत जा’ हा सल्ला देणं म्हणजे त्याची थट्टा आहे. म्हणून तर ज्यांना आधी भरणं परवडतं त्यांनी त्या रात्री दुकानात जाऊ नये.

त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि त्याच्या तडाख्यात आमच्या गावच्या पोफळी, माड आडवे झाले. आगोट भरून झालेली होती. चुलतभावाच्या घरी तांदूळ होता, बोंबील होते, मीठ-मसाला होता. नव्हता तो उजेड. विजेचे खांब कोसळलेले, कित्येक आठवडे वीज आली नाही. गॅस आल्यावर रेशनचं रॉकेल बंद झालेलं, त्यामुळे कंदील नुसता टांगलेला. पंप मुका. ज्यांनी विहिरीवरचा रहाट मोडीत काढला नव्हता त्यांच्याकडे अख्ख्या वाडीनं पाणी भरलं. आणि पुढच्या वर्षी, २२ जुलै २०२१ ला, वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा भरलेली आगोट हीच अडचण झाली. मावशीच्या तळमजल्यावरचे डबे तरंगले, तांदळाची पोती फुगून फुटली. वरच्या मजल्यावर नेलेल्या एका पिशवीवर तिनं दोन दिवस काढले.

भाची स्टॉकहोमला असते. २०२४ च्या नोव्हेंबरात तिच्या घरी, स्वीडनमधल्या प्रत्येक घरी गेली तशी, सरकारची एक पुस्तिका आली: संकट किंवा युद्ध आलं तर काय करायचं. आठवडाभराचं अन्न, माणशी रोज तीन लिटर पाणी, बॅटरीवर चालणारा रेडिओ. तिला जरा धडकीच भरली. मी म्हटलं, अगं, ही आगोटच, फक्त मृगाची तारीख नसलेली. सक्षम घरांनी पहिले दिवस आपापले निभावावेत, म्हणजे मदत आधी अडलेल्यांपर्यंत पोचते, हे त्यामागचं गणित. दारात उभं राहणाऱ्यासाठी आजी दोन-चार पायल्या वरचा धरत होती, तेच.

माझी आगोट आता लहान आहे. तांदूळ, डाळी, कुळथाचं पीठ, आमसुलं, गूळ, पोहे, मीठ. आणि वादळानंतर त्यात आलेल्या मेणबत्त्या, बॅटरी, झाकणाचे पाण्याचे कॅन, औषधं, थोडी रोकड. एक पिशवी उंचावर, चिपळूणच्या नावानं. सगळं मेमध्ये, दुकानं भरलेली असताना. पुढचं संकट यातलं काय निरुपयोगी ठरवेल ते मला ठाऊक नाही, म्हणून यादी फार लांबवत नाही. पण तारीख मात्र आजीची ठेवली आहे. गणपतीपर्यंत सगळं खाऊन संपवायचं, उरेल ते वाटून टाकायचं आणि डबे धुऊन उन्हात घालायचे. न वापरता वर्षानुवर्षं पडून राहिलेला साठा संकटाच्या दिवशी उघडला तर त्यात पोरकिडेच निघतात.